पंचवीस किलोमीटरचं वेल्डिंग, तेही मुठीत मावणारं

अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांधा तुटला, की तो वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि जोडून परत येतो. जोड पक्का बसला का, हे वेल्डर तिथल्या तिथे बघतो. स्लॅग झाडतो, रेघेवर नजर फिरवतो, हातोडी मारून आवाज ऐकतो. शंका आली तर ग्राइंडर फिरवून आत भोकं राहिलीत का ते पाहतो. जोड वीतभर लांबीचा आणि सगळा डोळ्यांसमोर असल्यामुळे एवढ्यावर भागतं.

धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगची गोष्ट निघाली, की याच दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘हे तं प्लॅस्टिकची खेळणी बनवायचं मशीन असते ना भाऊ?’ प्रश्न वावगा नाही. शाळा-कॉलेजांतून दिसतात ती बहुतेक यंत्रं प्लॅस्टिकचीच असतात. धातूचं यंत्र वेगळं. त्यात मैद्यासारखी बारीक धातूची भुकटी एका पाटावर पातळ थरात पसरली जाते. आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत लेझरचा किरण त्या थरावर नेमक्या रेघा ओढतो. रेघेखालची भुकटी वितळते, खालच्या थराला चिकटते आणि क्षणात गोठते. पाट किंचित खाली सरकतो, नवा थर पसरतो, पुन्हा रेघा. म्हणजे हे वेल्डिंगच आहे, फक्त केसाएवढ्या रुंदीचं.

किती वेल्डिंग, याचा हिशेब कागदावर करता येतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा १०० घन सेंटीमीटरचा, म्हणजे मुठीत मावणारा आणि सुमारे ४४० ग्रॅम वजनाचा एक भाग घ्या. थर ४० मायक्रॉनचा आणि शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिलिमीटर धरलं, तर सगळ्या रेघांची एकूण लांबी २५ किलोमीटर भरते. बार्शीटाकळीहून निघून अकोला गाठलं तरी एवढं अंतर होत नाही. लेझर सेकंदाला एक मीटर धावला, तर नुसत्या रेघा ओढायला सात तास जातात. थर पसरायचा वेळ वेगळा. आणि या २५ किलोमीटरांतलं जवळजवळ सगळं वेल्डिंग नंतर धातूच्या पोटात गाडलं जातं. तिथे हातोडीही पोचत नाही आणि नजरही.

इथेच दुसरा गैरसमज उभा राहतो. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं थ्रीडी प्रिंटेड इंजिन तमिळनाडूतल्या महेंद्रगिरी इथे ६६५ सेकंद चालवून पाहिलं. इंजिन बेंगळुरूच्या विप्रो थ्रीडीने बनवलं होतं. पूर्वी त्यात १४ भाग होते, आता एकच राहिला. १९ वेल्डिंगचे जोड कमी झाले. आधी ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रे लागायचे, आता १३.७ किलो भुकटीत काम झालं. बनवायचा वेळ ६० टक्क्यांनी घटला. आकडे खरे आहेत आणि कौतुकाचेही आहेत. पण ‘१९ जोड गेले म्हणजे वेल्डिंगची कटकट गेली’ असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा. ते १९ जोड एकेक करून तपासता येत होते. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये किंवा इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये रॉकेटचे भाग पिढ्यानपिढ्या वेल्ड होत आले, ते जोड तपासायच्या जुन्या, पक्क्या पद्धतींच्या भरवशावर. छापलेल्या इंजिनात तो जोड एका जागी राहिलेला नाही, अख्ख्या भागभर पसरला आहे. म्हणून तपासणीचा मोठा वाटा भाग बनत असतानाच उरकावा लागतो. जोड धरतो की नाही हे उष्णतेवर ठरतं, तिच्यावर पहारा ठेवायचा तो यासाठी.

‘भुकटीतून बनलेली वस्तू ठिसूळ आणि सच्छिद्र असणार’ ही समजूत मात्र बरीच जुनी झाली आहे. नीट छापलेल्या भागाची घनता ९९.५ टक्क्यांच्या वर जाते आणि ओढून तोडायच्या चाचणीत तो अनेकदा ओतीव भागाला मागे टाकतो. अडचण उरलेल्या अर्ध्या टक्क्यात आहे, आणि त्याहून जास्त त्या अर्ध्या टक्क्याच्या जागेत आहे. एकच बारीक पोकळी खोल आत असली तर कदाचित काहीच बिघडत नाही. तीच पृष्ठभागाजवळ असली, तर लाखो हिसके खाल्ल्यावर तडा तिथूनच सुरू होतो.

पोकळ्या येतात कुठून? वेल्डर एक कारण लगेच सांगेल, ‘वेल्डिंग पकडलं नाही.’ उष्णता कमी पडली, थर खालपर्यंत वितळला नाही, मधे फट राहिली. मग करंट वाढवायचा? पातळ पत्र्यावर करंट वाढवला की काय होतं तेही त्यालाच ठाऊक असतं, भोक पडतं. लेझरखालीही जास्त उष्णतेने नुकसानच होतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. धातू नुसता वितळत नाही, उकळतो. वाफेचा दाब खालच्या रसाला ढकलतो आणि एक खोल, अरुंद खळगा तयार होतो. त्याचं टोक हललं, मिटलं, की बुडबुडा तळाशी अडकतो. अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) नावाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत अतिशय प्रखर क्ष-किरणांखाली हे प्रत्यक्ष वितळत असताना टिपलं गेलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. यंत्रांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या शक्ती-वेगांच्या जोड्यांना असा खळगा पडतच असतो. तेव्हा खळगा पडणं हा दोष नाही, तो डळमळणं हा दोष. कमी-जास्तीच्या मधली ही पट्टी अरुंद असते आणि धातूगणिक बदलते.

त्यात उष्णता एकाच भागात सगळीकडे सारखीही राहत नाही. भरीव भागावर रेघ ओढली, की उष्णता खालच्या धातूत निघून जाते. पुढे आलेल्या कडेखाली मात्र सैल भुकटी असते आणि भुकटी भरीव धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेते. तीच शक्ती, तोच वेग, तरी तिथला रस जास्त तापतो. वर निमुळत्या होत जाणाऱ्या भागातही हेच होतं. थर लहान झाला की तो लवकर संपतो आणि आधीची उष्णता उतरायच्या आत पुढचा थर सुरू होतो. भागाखाली जे आधार छापतात ते नुसतं वजन पेलायला नसतात. उष्णता खाली न्यायला वाट करून देणं हेही त्यांचं काम असतं.

आता ही उष्णता बघायला यंत्रात लावतात त्या कॅमेऱ्याकडे येऊ, कारण सगळ्यात घट्ट गैरसमज त्याच्याविषयी आहे: ‘थर्मल कॅमेरा लावला की तापमान कळतं.’

तापलेल्या लोखंडाचा रंग बघून तापमान ओळखायचं तंत्र वऱ्हाडातल्या लोहाराला शेकडो वर्षं ठाऊक आहे. मळकट लाल म्हणजे सातशे अंशांच्या आसपास, नारिंगी साडेनऊशेच्या घरात, पिवळा अकराशेच्या. भट्टी मुद्दाम सावलीत मांडतात, कारण उन्हात हे रंग फसवतात. कॅमेराही हेच करतो. तापलेल्या वस्तूतून निघणारा प्रकाश मोजतो आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधतो. मात्र तापमान तेच असलं तरी प्रत्येक पृष्ठभाग सारखा प्रकाश टाकत नाही. गॅरेजमध्ये इंजिन किती तापलं ते बघायची इन्फ्रारेड गन चकचकीत स्टीलच्या भांड्यावर रोखा. आत पाणी उकळत असलं तरी आकडा शंभराच्या कितीतरी खाली दिसेल. त्याच भांड्यावर काळा रंग दिला, की आकडा जागेवर येतो. पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात.

लेझरखाली ही उत्सर्जकता क्षणाक्षणाला बदलते. खडबडीत भुकटी जास्त प्रकाश टाकते, आरशासारखा चमकणारा वितळलेला रस कमी टाकतो, गोठलेला धातू पुन्हा वेगळा. वर धातूची वाफ, उडणाऱ्या ठिणग्या आणि काचेवर बसणारी काजळी आहेच. त्यामुळे तापमान चढलं नसतानाही पडद्यावरचा आकडा चढू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१८ मध्ये ‘एएम-बेंच’ नावाची प्रयोगमालिका केली, तिच्यात नुसता वितळलेल्या रसाची लांबी आणि थंड होण्याचा वेग मोजणं हाच स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता. या वेगाचे आकडे सेकंदाला लाखभर अंश आणि त्याहूनही वर जातात.

म्हणून कारखान्यांत लावलेल्या बहुतेक यंत्रणा तापमानाचा दावाच करत नाहीत. जर्मनीतल्या एमटीयू एरो इंजिन्सने वापरात आणलेली ऑप्टिकल टोमोग्राफी पाहा. तिचा कॅमेरा अख्खा थर छापून होईपर्यंत उघडा राहतो आणि प्रत्येक ठिपक्यावर एकूण किती उजेड पडला ते साठवतो. त्यातून निघतो तो उजेडाचा नकाशा. त्यावरचे लाल-निळे रंग सॉफ्टवेअरने दिलेले असतात. ‘लाल आहे म्हणजे दोन हजार अंश’ असं वाचणारा फसतो. ‘याच जागी आधीच्या चांगल्या भागांपेक्षा जास्त उजेड आहे’ एवढंच त्यातून वाचता येतं, आणि तेवढं पुष्कळ उपयोगाचं असतं.

‘मग दोष दिसला की यंत्र तिथल्या तिथे सुधारत असेल?’ ऐकायला सोपं वाटतं. पण सेकंदाला एक मीटर धावणारा लेझर एका मिलिसेकंदात एक मिलिमीटर पुढे गेलेला असतो. संवेदकाने बघायचं, संगणकाने ठरवायचं, लेझरने ऐकायचं, तोवर ती जागा गोठूनही जाते. बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठात असं थेट नियंत्रण करायचे प्रयत्न २०१० च्या सुमारासच झाले होते, तरी रोजच्या उत्पादनात आजही नोंद ठेवणं जास्त आणि दुरुस्ती कमी. जास्त फळ मिळतं ते आधीच्या तयारीला. कुठली कड तापणार हे आराखड्यावरून कळतं, तिथे लेझरची शक्ती आधीच उतरवून ठेवायची.

शिवाय दिसलेला प्रत्येक दोष टिकतोच असं नाही. लेझर एका वेळी दोन-तीन थरांच्या खोलीपर्यंत वितळवतो. एखाद्या थरातली फट पुढच्या फेरीत भरून येऊ शकते. नोंद मात्र तशीच राहते. या ‘खोट्या आरोपां’मुळे पर्यवेक्षक वैतागतात. सेकंदाला ६० हजार नोंदी घेणारा संवेदक आपल्या त्या मुठीएवढ्या भागासाठी सात तासांत दीडशे कोटी नोंदी करेल. त्यातल्या कोणत्या खऱ्या? हे ठरवायला नुसता कॅमेरा पुरत नाही, त्याला साक्षीदार लागतो. २०२३ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने क्ष-किरण आणि औष्णिक कॅमेरा एकाच वितळणाऱ्या रेघेवर रोखले. खळग्याच्या कोणत्या थरथरीनंतर बुडबुडा अडकतो हे क्ष-किरणांत बघायचं आणि त्याच क्षणी औष्णिक चित्र कसं होतं हे संगणकाला शिकवायचं, अशी ती रीत. तिथे भाकीत अतिशय नेमकं आलं. प्रयोगशाळेतल्या एका रेघेवरून कारखान्यातल्या हजारो थरांवर जायचं काम अजून चालू आहे.

उलट बाजूचा गैरसमज जास्त धोक्याचा: ‘नकाशा स्वच्छ आहे, मग पुढची तपासणी कशाला?’ कॅमेरा वरचा पृष्ठभाग बघतो. भुकटीत ओल किंवा जास्तीचा ऑक्सिजन असला, गोठताना आत ताण साठला, पाटावरून काढताना भाग वाकला, तर उजेडाच्या नकाशात ते उमटेलच असं नाही. म्हणून भाग पाटावर असतानाच भट्टीत ताण उतरवतात, मग वायर-कटने वेगळा करतात. विमानाच्या कामात तो बऱ्याचदा हॉट आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये जातो. टायटॅनियमसाठी नऊशे अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे हजारपट दाबाखाली, काही तास. आतल्या बंद पोकळ्या तिथे मिटतात. पृष्ठभागाला उघडणाऱ्या पोकळ्या मिटत नाहीत, कारण दाबाचा वायू त्यांच्या आतच शिरतो. सीटी स्कॅन असतो, पण धातू जितका जाड तितकी बारीक पोकळी दिसेनाशी होते. अशा वेळी छपाईची नोंद कामाची ठरते: हजारातला कोणता थर, कोणता कोपरा नीट बघायचा, ते ती सांगते. नासाने २०२१ मध्ये काढलेल्या मानकात भागाबरोबर त्याच पाटावर चाचणीचे नमुने छापून ते तोडून बघायचा आग्रह आहे. शंभर नकाशांनंतरही एक दांडी ओढून तोडावीच लागते.

राहिला शेवटचा समज, हे सगळं कोट्यवधींच्या यंत्रांचं आणि आपल्यापासून लांबचं काम आहे हा. लेझरच्या यंत्रापुरता तो खरा आहे. पण पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या गटाने वेगळी वाट धरली. साध्या सीएनसी मिलिंग यंत्रावर मिग वेल्डिंगची टॉर्च बसवायची, तार वितळवून एक थर घालायचा, मग त्याच यंत्राच्या कटरने वरचा उंचसखलपणा आणि ऑक्साइडची पापडी छिलून सपाट करायची आणि पुढचा थर घालायचा. कमी खर्चाच्या या जोडयंत्रावरचा त्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. इथे थर मायक्रॉनात नाही, मिलिमीटरात मोजतात आणि तार तीच, जी अकोल्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या दुकानातही लागते.

उष्णतेचा पेच मात्र इथेही सुटत नाही. भिंत जसजशी उंच होते, तसतशी उष्णता खाली उतरायला वेळ लागतो. तापलेल्या थरावर पुढचा थर घातला, तर रस पसरतो आणि भिंत फुगते. उपाय म्हणून दोन थरांमधलं तापमान एका मर्यादेखाली येईपर्यंत थांबतात. ते बघायला कॅमेरा हवाच असं नाही. वेल्डिंगच्या सामानात तापमानाचे खडू मिळतात, प्रत्येक ठरावीक अंशाला वितळणारा. दीडशेचा खडू जोडाशेजारी ओढायचा. तो वितळला तर थांबायचं, कोरडी रेघ उमटली तर पुढचा थर घालायचा.