पाठीखालची दुलई

अमेरिकेत थंड प्रदेशात गाडीनं जाताना पुलाच्या अलीकडे एक पाटी बरेचदा दिसते. रस्त्याच्या आधी पूल गोठतो, अशा अर्थाची. पहिल्यांदा वाचणाऱ्याला जरा गंमतच वाटते. रस्ता तोच, थंडी तीच, मग पुलानंच आधी का गोठावं? उत्तर साधं आहे. रस्त्याच्या पोटाशी जमीन असते, आणि जमीन दिवसाची ऊब रात्री बराच वेळ धरून ठेवते. पुलाच्या पोटाशी काहीच नसतं. वरून वारा, खालूनही वारा. बिचारा दोन्हीकडून लुटला जातो.

माणसाचंही तसंच आहे. जमिनीवर पथारी टाकून झोपणारा रस्त्यासारखा, आणि दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधून झोपणारा पुलासारखा.

झोळी आपल्याला नवी नाही. ऊसतोडीच्या फडाशेजारी, बांधकामाच्या जागी, झाडाला किंवा तिकाटण्याला लुगड्याची झोळी बांधून त्यात निजवलेलं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठ्या माणसांची झोळी, म्हणजे हॅमॉक, ही मात्र कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांची देणगी. ‘हामाका’ हा शब्दही त्यांचाच. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, तेव्हा युरोपियनांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि पुढे जहाजांवर खलाशी तीत झोपू लागले. उष्ण बेटांवर पाठीखालून वाहणारा वारा म्हणजे सुखच. पण हीच झोळी थंड जंगलात नेली, की तेच सुख वैरी होतं.

आणि लोक ती नेतातच. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. या वाटेवर सपाट, कोरडी जागा मिळेलच असं नाही. मुळं, दगड, उतार आणि ओल. झाडं मात्र मुबलक. त्यामुळे तिथे तंबूऐवजी झोळी पसंत करणारे पुष्कळ. माझा भाचा त्यांच्यापैकी एक. तो व्हर्जिनियात राहतो आणि सुट्टी मिळाली की शेनान्डोआच्या डोंगरात जातो. त्याच्याचकडून मला झोळीखालच्या दुलईची गोष्ट कळली.

तो म्हणाला, “मावशी, झोळीत माणूस वरून गारठत नाही, पाठीनं गारठतो.”

मी म्हटलं, “अरे, मग जाडसर अंथरूण घे.”

पण इथेच मेख आहे. उबदार झोपपिशवी कितीही भारी असली, तरी पाठीखालचा तिचा भाग आपल्याच वजनानं चेपला जातो. चेपला की त्यातली हवा जाते, आणि हवा गेली की ऊब जाते. कारण ऊब कापडात नसते, कापसात नसते, पिसांतही नसते. या सगळ्यांनी अडवून ठेवलेल्या स्तब्ध हवेत ती असते. अंगाची उष्णता स्तब्ध हवेतून फार सावकाश बाहेर जाते. दुलईचं काम एवढंच, की हवेला हलू द्यायचं नाही.

आपल्या पिंजाऱ्याला हे शास्त्र ठाऊक होतं. धनुकलीची तार छेडत तो गल्लीत यायचा. वर्षानुवर्षं अंगाखाली दबून फळीसारखी झालेली गादी उसवायचा, कापूस पिंजायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याच कापसाची दुप्पट उंचीची गादी करून द्यायचा. कापूस एक तोळाही वाढलेला नसे. वाढलेली असे ती हवा.

पिसांच्या जॅकेटांचंही तेच. इंग्रजीत ज्याला डाउन म्हणतात, ती बदकांच्या आणि हंसजातीच्या पक्ष्यांच्या बाहेरच्या पिसांखाली असलेली मऊ लव. तिला पिसासारखा मधला दांडा नसतो. मध्यापासून चहूबाजूंना फुटलेले बारीक तंतू असतात, म्हणून चिमूटभर लव मूठभर हवा धरते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानं फुग्याच्या, म्हणजे आकाशात सोडतात त्या बलूनच्या, कापडात अशी लव भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकरी कोटवाले आधी हसले. वर थंडी लागल्यावर त्याचा हेवा करू लागले. पुढे १९३६ मध्ये सिअ‍ॅटलच्या एडी बाउअरनं लव भरलेलं, कप्पे शिवलेलं जॅकेट बाजारात आणलं. आज थंड देशात घरोघरी अशी जॅकेटं दिसतात.

तर झोळीखालची दुलई म्हणजे काय? पाठीखाली अंथरायची नाही, तर झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगानं टांगायची. तिच्यावर माणसाचं वजन येत नाही, म्हणून ती चेपली जात नाही. ती झोळीला नुसती टेकलेली असते. सगळी करामत त्या टेकण्यात आहे. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो. घट्ट ओढली तर लव दबते आणि केलेलं सगळं फुकट जातं.

अशी दुलई तयार मिळते, पण स्वस्त नसते. भाच्याला पैशाची अडचण नव्हती. त्याच्या कपाटात दोन जॅकेटं होती, ती त्याची अडचण होती.

ती जॅकेटं माझ्या ताईची आणि भावोजींची. मुलाकडे पहिल्यांदा हिवाळ्यात गेले, तेव्हा त्यानं दोघांना घेऊन दिलेली. ताईचं जांभळं, भावोजींचं काळपट निळं. आत पक्ष्यांची लव आहे हे कळल्यावर ताईनं आठवडाभर जॅकेटाला हात लावला नव्हता. मग एकदा बर्फ पडलं आणि तत्त्व हँगरला अडकवून जॅकेट अंगावर आलं. भावोजी २०१७ साली गेले. ताई गेली २०२० च्या जूनमध्ये, विमानं बंद असताना. एकुलत्या एका मुलानं आईचं अंत्यदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतलं. इथले कपडे आम्ही वाटले. तिच्या चार साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या, एक माझ्याकडे आहे. मुलाच्या वाट्याला मात्र हाताळण्यासारखं काहीच आलं नाही. त्याच्याकडे होती ती ही दोन जॅकेटं, हवा काढून घेतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पापडासारखी चपटी झालेली.

२०२३ च्या सप्टेंबरात मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं ती पिशवी दाखवली. म्हणाला, “टाकवत नाहीत, आणि घालताही येत नाहीत.”

मी जन्मभर बँकेत काढली. वर्षानुवर्षं व्यवहार न झालेल्या खात्याला आम्ही निष्क्रिय खातं म्हणत असू. पैसे सुरक्षित असतात, पण कुणाच्या कामाला येत नाहीत. मी म्हटलं, “आपण यांची दुलई शिवू.” तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शिवणयंत्र टेबलावर आणून ठेवलं.

आधी धुणं. लवेसाठी वेगळा सौम्य साबण मिळतो. कडक साबणानं तिचा नैसर्गिक तेलकटपणा जातो. ओली लव गोळा होऊन बसते, म्हणून वाळवायच्या यंत्रात मंद आचेवर, सोबत दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून तासन्‌तास फिरवायची. चेंडू आपटून आपटून गोळे फोडतात. धनुकलीऐवजी चेंडू, एवढाच फरक. धुण्याआधी खिसे तपासले, तर भावोजींच्या खिशात लवंगांची पुडी निघाली. भाच्यानं ती उघडून हुंगली आणि फडताळात ठेवली. तीन तासांनी जॅकेटं बाहेर काढली, तेव्हा ती पुन्हा टम्म फुगली होती. जणू कुणीतरी आत्ताच काढून ठेवली असावीत.

मग कापणं. इथे घाई चालत नाही. जिथे कात्री चालवायची, तिथे आधी अर्धा इंच अंतर सोडून शिवणीच्या दोन रेघा मारायच्या आणि मग त्यांच्या मधून कापायचं. शेतात पाणी सोडण्याआधी बांध घालतात, तसं. पंखे बंद, खिडक्या बंद. सुई बारीक, दोरा पॉलिएस्टरचा, टाका फार जवळ नको. नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ पडून कापड तिथेच फाटतं. टाचण्याही नकोत, कारण प्रत्येक भोकातून लव डोकावते. आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे वापरले. चेन काढल्या, बाह्या उसवून सपाट केल्या, बगलेच्या खाचा टोपीच्या तुकड्यांनी भरल्या. अंगाचा भाग पाठीसाठी, बाह्यांचा भाग त्याखाली कमरेपासून गुडघ्यापर्यंत. प्रत्येक जॅकेटातून असा एकेक सपाट पट्टा निघाला.

आता प्रश्न शिवणींचा. अशा जॅकेटात आडवे कप्पे असतात. ते नसले तर सगळी लव खाली जमेल. पण जिथे शिवण येते तिथे दोन्ही कापडं एकमेकांना भिडतात, मधे हवा राहत नाही आणि तिथून गारवा शिरतो. महागड्या दुलयांत यासाठी आत जाळीच्या उभ्या भिंती शिवतात. आम्ही दुसरी युक्ती केली. एका जॅकेटाच्या खाली दुसरं असं ठेवलं, की ताईच्या जॅकेटाची शिवण भावोजींच्या जॅकेटाच्या फुगीर कप्प्यावर यावी, आणि त्यांची शिवण तिच्या कप्प्याखाली. ज्याची बाजू जिथे उणी, तिथे दुसऱ्याची भरलेली. फक्त कडेनं आणि मधे चार-पाच ठिकाणी सैल टाके घालून दोन्ही जोडली.

ताईचं आकारानं लहान, म्हणून ते आत, पाठीला लागून. भावोजींचं मोठं, म्हणून बाहेर. हे नुसतं सोयीचं नाही, शास्त्राला धरून आहे. दुलई झोळीच्या पोटाखाली कमानीसारखी वाकते, तेव्हा बाहेरचं कापड आतल्यापेक्षा मोठं लागतं. दोन्ही सारखी असतील तर बाहेरचं ताणलं जातं आणि मधली लव दाबतं. शेवटी चारही कडांना परकराला असतो तसा नेफा घातला, त्यात इलास्टिकची दोरी ओवली. भावोजींच्या जॅकेटाचा एक खिसा काढायचा नाही, असं भाच्यानं बजावलं होतं. तो बाहेरच्या बाजूला तसाच राहिला. त्यात आता त्याची बॅटरी असते.

वजन भरलं आठशे ग्रॅमच्या आसपास. तयार दुलई याहून हलकी असते, हे मान्य. पण हिच्यासाठी एकाही नव्या पक्ष्याची लव लागली नाही. ही लव बहुतेक मांसाच्या धंद्याबरोबरच निघते, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची उपटतात म्हणून तिच्यावर टीकाही झाली आहे. ताईच्या आठवडाभराच्या बहिष्काराला अर्थ होता. म्हणूनच, एकदा घेतलेली लव वाया घालवू नये. नीट धुतली, कोरडी ठेवली, तर ती कापडापेक्षा आणि चेनपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. पण पुष्कळदा चेन बिघडली म्हणून अख्खं जॅकेट कचऱ्यात जातं. आपल्याकडे लुगडं विरलं तरी त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की बाळाची दुपटी, आणि शेवटी पायपुसणं. कापडाला निवृत्तीच नसे.

नवी दुलई एकदम जंगलात नेऊ नये. आम्ही ती आधी घरामागच्या दोन झाडांना, सालीला इजा होऊ नये म्हणून रुंद पट्ट्यांनी, झोळी बांधून तिच्याखाली लावली. मी खालून हात घालून फट आहे का बघत होते, तो वर पडून सांगत होता. “जरा सैल. नाही, आता लागतोय वारा. हां, आता.” अर्धा तास चाललं होतं हे. चेपायचं नाही आणि सोडायचंही नाही, हे जमायला तेवढा वेळ लागतोच.

ऑक्टोबरच्या मध्याला तो शेनान्डोआला गेला. रात्री वर पारा चार अंशांवर आला होता. सकाळी डोंगर उतरून गाडीपाशी आल्यावर त्याचा फोन आला.

“मावशी, पाठ अजिबात गार पडली नाही. रात्रभर शांत झोपलो.” थोडं थांबून म्हणाला, “पाय मात्र गारठले.”

दोन जॅकेटांत दुलई गुडघ्यापर्यंतच पुरली होती, हे खरं. मी म्हटलं, “पायांचं बघू पुढे. माझं जॅकेट अजून वापरात आहे.”