फोटोच्या मागे नाव लिहिलंय का?



आमच्या गावच्या वाचनालयात नुकतंच एक छोटं फोटो प्रदर्शन भरलं होतं. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका काकांनी हौसेने काढलेले जुने कृष्णधवल फोटो! आठवडी बाजार, जत्रा, शाळेची सहल, पावसात थांबलेली एस.टी. मी सातवीच्या मुलांना घेऊन गेले. दहा मिनिटांत मुलं परत आली, "मॅडम, झालं बघून!"

मग मी प्रत्येक गटाला एकच फोटो दिला आणि तीन प्रश्न दिले. काय दिसतंय? त्यावरून काय कळतं? काय कळत नाही? आता मुलं थांबली. एकाने सांगितलं, "सावल्या अगदी आखूड आहेत, म्हणजे दुपार असणार." दुसरी म्हणाली, "दुकानाच्या पाटीवर फोन नंबर पाचच आकडी आहे, म्हणजे फोटो जुना." फोटो नुसता बघणं आणि फोटो वाचणं यातला फरक मुलांना असा कळला.

रोल म्हणजे काय?

काकांनी सांगितलं, "एका रोलमध्ये ३६ फोटो." लगेच प्रश्न आला, "मग नको असलेला डिलीट कसा करायचे?" काका हसले. "डिलीट नव्हतंच रे. म्हणून बटण दाबायच्या आधी विचार करायचा."

त्यांनी निगेटिव्ह खिडकीसमोर धरून दाखवली. काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा! फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडलेला भाग रसायनात धुतल्यावर काळा होतो, म्हणून निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. त्यातून कागदावर प्रकाश टाकला की ते पुन्हा उलटं होतं आणि खरा फोटो मिळतो. कृष्णधवल फोटोच्या कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालतो.

नऊ मुली, सहा नावं

एका फोटोत सहलीला निघालेल्या नऊ मुली होत्या. खाली कोरा कागद लावलेला, त्यावर लिहिलं होतं, 'ओळखता का?' काकांना नावं आठवत नव्हती. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तो फोटो मोबाइलवर घरी नेऊन आजीला दाखवला. आजीने सहा जणींची नावं सांगितली. त्यातली एक ती स्वतः! दुसऱ्या दिवशी मुलीने ती कागदावर लिहिली. तीन जागा कोऱ्याच राहिल्या. काका म्हणाले, "तेव्हाच विचारून मागे लिहिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं."

अमेरिकेत शिकागोला व्हिव्हियन मायर नावाची बाई मुलं सांभाळायचं काम करायची आणि रस्त्यावरचे फोटो काढायची. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात विकलं गेलं, २००९ मध्ये ती वारली. तिने काढलेले फोटो एक लाखाहून जास्त. पण तिला कीर्ती मिळाली ती गेल्यावर. आता त्या फोटोंबद्दल तिला काही विचारायची सोय नाही. आपले काका आणि आजी मात्र समोर बसलेले आहेत.

घरी करायचा उपक्रम

- मुलांनी आजी-आजोबांबरोबर पाच जुने फोटो निवडावेत.
- कोण, कुठे, कधी, काय प्रसंग हे विचारावं. वर्ष आठवत नसेल तर 'मामाच्या लग्नाआधी' एवढंही चालेल.
- फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावं. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढून उमटतात.
- गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर चिठ्ठी लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवावी. सेलोटेप लावू नये.
- फोटो ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवावेत.

या उपक्रमात मुलं प्रश्न विचारायला, ऐकायला आणि नेमकं लिहायला शिकतात. भाषा आणि इतिहास, दोन्ही विषयांना तो उपयोगी पडतो. पालकहो, येत्या रविवारी कपाटावरचा फोटोंचा डबा खाली काढा. नावं सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.