घरची ब्रॉडबँड जोडणी बदलतांना



माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांची कन्या परदेशीं असते, आणि रोज रात्रीं नऊ वाजतां पडद्यावर तिचें व लहानग्या नातवाचें दर्शन घ्यावयाचें, दोन शब्द बोलावयाचे, हा त्यांच्या दिवसांतला सर्वांत मोलाचा समय होय. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं त्यांच्या दारीं एक तरुण विक्रेता आला. तीनशें मेगाबिटचा वेग आणि बारा महिन्यांचें भाडें एकदम भरल्यास दोन महिने फुकट, असें त्यानें सांगितलें. गृहस्थांनीं आगाऊ रक्कम भरली, जुनी जोडणी त्याच आठवड्यांत बंद केली आणि नवी तार घरांत घेतली. वेग खरोखरच उत्तम होता. परंतु तिसऱ्या आठवड्यांत, गच्चीवरून झाडावर आणि झाडावरून खांबावर गेलेली ती तार वादळी पावसांत तुटली. ती सांधावयास माणूस येईपर्यंत अकरा दिवस गेले. अकरा रात्री त्या घरांतला पडदा काळा राहिला.

त्यांचें चुकलें कोठें? त्यांनीं वेग विचारला, दर विचारला, कंपनीचें नांवही पाहिलें. परंतु तार कोठून येणार आणि ती तुटली तर सांधावयास कोण येणार, हें मात्र विचारलें नाहीं. ब्रॉडबँड घेणारा मनुष्य आपण कंपनी निवडीत आहों असें समजतो. वस्तुतः तो आपल्या दारापर्यंत येणारी शेवटची शेंदोनशें हातांची तार आणि ती राखणारा माणूस निवडीत असतो. आजच्या भाषणांत हीच गोष्ट मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

निवडीकडे वळण्यापूर्वीं, बदलण्याची गरज खरोखर आहे काय, हें पाहावें. पुष्कळदां दोष कंपनीचा नसून घरांतल्या भिंतींचा असतो. आपला संगणक राउटरला तारेनें जोडून वेग मोजावा. तेथें वेग पुरा मिळत असेल आणि आंतल्या खोलींत मिळत नसेल, तर दहा कंपन्या बदलूनही आंतल्या खोलींत उजेड पडणार नाहीं. बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरींवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीचा पल्ला लांब. परंतु तिचा वेग कमी, आणि शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची तिच्यावर गर्दी. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान. परंतु दोन भिंती ओलांडतांना ती दमते. तेव्हां राउटर कपाटांतून किंवा दूरदर्शन संचाच्या मागून काढून घराच्या मध्यभागीं उंच ठेवावा. एवढ्यानेंच कित्येकांची तक्रार मिटते आणि एक पैसाही खर्च होत नाहीं.

हें करूनही भागत नसेल, तर मग पहिला विचार वेगाचा. ‘ब्रॉडबँड’ या शब्दानें आपण फार भुलूं नये. १५ ऑगस्ट १९९५ या दिवशीं आपल्या देशांत सामान्य जनतेला इंटरनेट मिळूं लागलें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून येई आणि तें चालूं असेपर्यंत टेलिफोन अडून राही. पुढें २००४ सालच्या सरकारी धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटलें. २०१३ सालीं ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ सालीं २ मेगाबिट. म्हणजे नुसत्या नांवांत हमी आहे ती एवढीच. बाकीचें सारें आपल्या योजनेच्या कागदावर काय लिहिलें आहे त्यावर अवलंबून.

त्या कागदावर वेग ‘मेगाबिट’मध्यें असतो, आपण चित्रपट किंवा छायाचित्रें मोजतों तीं ‘मेगाबाइट’मध्यें. आठ बिटांचा एक बाइट होतो. यास्तव १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील, शंभर नव्हेत. या दोन शब्दांतला आठपट फरक ध्यानांत न आल्यानें कित्येक सज्जन आपण फसलों असें समजून विनाकारण भांडतात.

आतां घराची गरज किती? स्वच्छ दिसणाऱ्या चित्रपटाला सेकंदाला सुमारें ५ मेगाबिट पुरतात; अत्यंत सूक्ष्म, ज्यास ‘फोर-के’ म्हणतात, त्या चित्राला १५ ते २५ लागतात; समोरासमोर पाहून बोलावयास ३-४ पुष्कळ झाले. समजा, एका घरांत एकाच वेळीं दोघेजण दोन चित्रपट पाहत आहेत, सूनबाई कचेरीच्या सभेंत आहेत आणि मुलगा शिकवणीला बसला आहे. बेरीज अठरा-वीसच्या वर जात नाहीं. दुप्पट-अडीचपट सवड ठेवली तरी पन्नास मेगाबिटांत हें घर सुखानें नांदेल. तीनशेंचा आंकडा मोठा दिसतो. परंतु ज्या भांड्यांत पाणी घ्यावयाचें तें तेवढेंच असेल, तर नळ रुंद करून काय उपयोग? मात्र एक प्रश्न विसरूं नये: घरांतून बाहेर माहिती पाठविण्याचा वेग किती? कांहीं योजनांत तो उतरत्या वेगापेक्षां पुष्कळच कमी असतो, आणि ज्यांचें काम घरूनच चालतें त्यांची अडचण नेमकी तेथेंच होते.

दुसरा विचार, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा, वाटेचा. ‘फायबर’ हा शब्द आज प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडीं असतो. फायबर म्हणजे केसासारखा बारीक कांचेचा तंतू. त्यांतून प्रकाशाच्या रूपानें माहिती धांवते. परंतु हा तंतू आपल्या घरांत येतो, कीं इमारतीच्या जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येतो आणि पुढें तांब्याची तार असते, हें स्पष्ट विचारावें. तंतू थेट घरांत असेल तर सहसा वाटेंत कोठेंही विजेची गरज पडत नाहीं. कंपनीच्या केंद्रांत आणि आपल्या घरांत वीज असली कीं पुरे. घरीं लहानसा इन्व्हर्टर असेल, तर गल्लींतले दिवे गेले तरी जोडणी चालूं राहते. जिन्याखालीं विजेवर चालणारी पेटी असेल, तर जिन्यांतली वीज गेली कीं आपल्या घरीं इन्व्हर्टर असूनही सारें बंद.

घरांत येणारा तंतूही आपल्या एकट्याचा नसतो. सामान्यतः जी व्यवस्था वापरली जाते तींत केंद्रांतून निघालेल्या एका तंतूवरून सेकंदाला सुमारें अडीच गिगाबिट माहिती येऊं शकते, आणि वाटेंत एक बिनविजेचा विभाजक तो प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटतो. चौसष्ट घरांनीं एकाच क्षणीं पुरी मागणी केली, तर प्रत्येकाच्या वांट्याला चाळीस मेगाबिटही येणार नाहींत. तसें सहसा घडत नाहीं, म्हणूनच प्रत्येकाला शंभर किंवा तीनशेंचें वचन देतां येतें. इमारतीच्या गच्चीवरील टाकीचेंही असेंच नाहीं काय? सकाळीं सातला सर्वांनीं नळ सोडले कीं वरच्या मजल्यावर धार बारीक होते. ब्रॉडबँडची ती सकाळ रात्रीं नऊ ते अकरा या वेळांत असते. तेव्हां त्याच कंपनीची जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याच्या घरीं रात्रीं नवाच्या सुमारास जाऊन वेग पाहावा. हजार जाहिरातींपेक्षां ती एक भेट अधिक सांगून जाते.

जेथें तंतू पोंचलेला नाहीं, अशा वाडीवस्तीवर किंवा शहराच्या कडेला, बिनतारी जोडणी मिळते. गच्चीवर अथवा खिडकींत एक ग्राहक बसवितात आणि तो मोबाइलच्या मनोऱ्याशीं बोलतो. न मिळण्यापेक्षां हें पुष्कळच बरें. तार तुटण्याचें भयही नाहीं. परंतु मनोऱ्यावरची गर्दी आणि मधल्या इमारती यांवर तिचा वेग हेलकावतो. घरांत तंतू येत असेल तर त्यालाच पसंती द्यावी.

वाटेबरोबर माणसाचाही विचार आला. आपल्या भागांतली तार सांधणारा माणूस कोण, तो कोठें राहतो, गेल्या पावसाळ्यांत बंद पडलेली जोडणी किती दिवसांनीं सुरू झाली, हें शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याला विचारावें. मोठ्या नांवाची कंपनीही पुष्कळ ठिकाणीं हें काम स्थानिक कंत्राटदाराकडे सोंपविते. उलट गल्लींतला लहान केबलचालक स्वतः दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून माहितीचा प्रवाह विकत घेऊन वांटीत असतो. त्यानें तो अपुरा घेतला असेल, तर त्याची तत्परता काय कामाची? लहान तें चांगलें किंवा मोठें तें चांगलें, असा सरसकट नियम नाहीं. एकच कंपनी एका पेठेंत नांवाजलेली आणि दुसऱ्या पेठेंत बदनाम असूं शकते.

तिसरा विचार पैशाचा. जाहिरातींतल्या दरावर शेंकडा १८ वस्तू व सेवा कर चढतो. ५९९ रुपयांचे सुमारें ७०७ होतात. जोडणी बसविण्याचा आकार, राउटरची अनामत आणि राउटर कोणाच्या मालकीचा, हें वेगळें विचारावें. ‘अमर्याद’ या शब्दालाही बहुधा मर्यादा असते. कित्येक योजनांत महिन्याला ३,३०० गिगाबाइटनंतर वेग उतरतो. दिवसाला ११० गिगाबाइट सामान्य घर वापरीत नाहीं, म्हणून ही मर्यादा बोचत नाहीं. परंतु स्वस्त योजनेंत ती पुष्कळ खालीं असूं शकते. मर्यादा किती, ती संपेपर्यंत वेग किती आणि नंतर किती, हें ग्राहकांना स्पष्ट कळवावें, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१६ सालचा आदेश आहे. तेव्हां विचारतांना संकोच करूं नये.

आणि वर्षाचें भाडें एकदम भरण्याचा मोह पहिल्यांदा तरी आवरावा. दोन महिने फुकट मिळतात खरे. परंतु आपल्या हातांतलें एकुलतें शस्त्र, म्हणजे सोडून जाण्याची मोकळीक, त्या सवलतीच्या बदल्यांत आपण देऊन टाकतों. प्रथम महिन्यामहिन्यानें पैसे द्यावेत. एक पावसाळा नीट गेला, कीं मग सवलत घ्यावी.

शेवटीं बदलण्याच्या रीतीविषयीं दोन शब्द. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ सालापासून देशभर झाली आहे. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाहीं. येथें नवी जोडणी घेणें आणि जुनी बंद करणें हीं दोन स्वतंत्र कामें आहेत, आणि त्यांचा क्रम उलटला कीं घर अंधारांत राहतें. नवी निदान पंधरा दिवस समाधानकारक चालल्यावरच जुनी बंद करावी. पंधरा दिवसांचें दुहेरी भाडें हा विम्याचा हप्ता समजावा. जुन्या जोडणीबरोबर टेलिफोनचा क्रमांक किंवा त्या कंपनीनें दिलेला ई-मेलचा पत्ता असेल, तर तो बँकेंत किंवा अन्यत्र नोंदविलेला नाहीं ना, हें आधीं पाहावें. बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, राउटर परत केल्याची पावती घ्यावी, आणि अनामत हातीं येईपर्यंत ती जपून ठेवावी.

तक्रारीची वेळ आलीच, तर नुसत्या बोलण्यावर समाधान मानूं नये. तक्रार-क्रमांक मागून घ्यावा. २०१२ सालच्या नियमांप्रमाणें कंपनीला तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. तक्रार केंद्रानें दाद दिली नाहीं, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आंत अपील करतां येतें, त्यास शुल्क पडत नाहीं, आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल द्यावा लागतो. नियामक प्राधिकरण एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा स्वतः करीत नाहीं. म्हणून ही पायरी ओलांडून थेट तिकडे धांव घेण्यांत वेळ जातो. या साऱ्या वाटेवर तक्रार-क्रमांक हाच आपला सोबती.

माझ्या शेजाऱ्यांच्या आगाऊ रकमेंतून त्यांना कांहींएक परत मिळालें नाहीं. ती तीनशें मेगाबिटची जोडणी वर्ष संपेपर्यंत त्यांच्या घरांत आहे. तिच्या शेजारीं त्यांनीं आतां पन्नास मेगाबिटची दुसरी घेतली आहे. तिचा तंतू भिंतीलगत नळींतून येतो, आणि तो राखणारा तरुण मागच्याच गल्लींत राहतो. परवां रात्रीं मी कांहीं कामानें त्यांच्याकडे गेलों, तेव्हां नऊ वाजून पांच मिनिटें झालीं होतीं. त्यांनीं मला हातानेंच बसावयाची खूण केली. नातवाचा दुधाचा दांत पडला होता, आणि तो आजोबांना दाखविण्याचें काम चाललें होतें.