सात आठे किती, भन्ते?

दुपारचे दोन वाजलेत. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावचं बुद्धविहार. वर पत्रे तापलेत, कूलर आहे पण वीज नाही. फरशीवर ओळीनं चीवरातले श्रामणेर बसलेत. डोकी कालच तासलीत, एकदोघांच्या टाळूवर वस्तऱ्याचे ओरखडे अजून लाल आहेत.

दहा दिवसांचं शिबिर आहे. पाली आणि वंदनेला भन्तेजी आहेत, माझ्याकडे गणित आलंय. शाळेत पोरं मास्तरांना नमस्कार करतात, इथं उलटं. चीवर अंगावर चढलं की दहा वर्षांचं पोरही भन्ते. आत शिरताना मीच हात जोडून वाकतो. कान पिरगाळायची सोयच नाही.

"भन्ते, सात आठे किती?"

भन्ते चीवर सावरतात. एका हातानं खांद्यावरचं टोक धरायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मग वही सरकते, ती गुडघ्याखाली दाबायची. एवढ्या खटपटीत सात आठे कुठले आठवायला!

"छप्पन!" उत्तर खिडकीतून येतं. गज धरून एक मुलगी उभी आहे, आतल्याच एका श्रामणेराची बहीण. शिबिर मुलांचं, म्हणून ती उन्हात. हे काही मला पटत नाही. भन्तेजींकडे बघतो, ते मान हलवतात. पोरगी आत येऊन भिंतीकडेला बसते.

मागच्या ओळीतला एकजण वहीत नुसत्या रेघा ओढतोय. दिवाळीपासून आईबापासोबत ऊसतोडीला होता, त्यामुळे भागाकार राहून गेलाय. वंदना मात्र सगळ्यांत खणखणीत त्याचीच.

"भन्ते, क्विंटलभर हळद. पन्नास किलोचा कट्टा. कट्टे किती?"

"दोन." लगेच.

"साडेतीन क्विंटलचे?"

डोळे पत्र्याकडे जातात. "सात व्हतील."

जिल्हाच हळदीचा, इथल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मी फळ्यावर 350 भागिले 50 मांडतो. तो फळ्याकडे संशयानं बघतो, मग स्वतः उठून खडू मागतो.

दाराशी टेकलेले एक आजोबा मघापासून चुळबुळतायत. "सर, इहारात गणित कशाला? धम्म शिकवा की." मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवतो. औरंगाबादला त्यांनी कॉलेज काढलं 1950 साली, आज आपण त्याला मिलिंद म्हणतो ते. नागपूरची दीक्षा 1956 ची. आधी कॉलेज, मग दीक्षा. आजोबा टोपी काढून डोकं खाजवतात, पण उठून जात नाहीत.

चारला लिंबू सरबत येतं. विकाल भोजन वर्ज्य असल्यामुळे दुपारी बारानंतर जेवण नाही, पेय चालतं. ऊसतोडवाल्या पोराची आई त्याच्यापुढं गुडघे टेकून वाकते. "घ्या, भन्ते." पोरगा आधी आईकडे बघतो, मग भन्तेजींकडे, आणि कान लाल करून ग्लास घेतो. शेजारचा खुदकन हसतो.

शिबिर संपलं की चीवर उतरेल आणि जूनच्या मध्याला शाळेची घंटा होईल. भागाकार तेव्हाही लागणारच आहे. उन्हाळ्यात अशी शिबिरं मराठवाड्यात गावोगाव भरतात. वंदनेला माणूस मिळतो, गणित-इंग्रजीला शोधावा लागतो. तुम्हाला दुपारचे दोन तास निघत असतील तर जवळच्या विहारात विचारून बघा. खडू तिथं मिळतो. फक्त दहा वर्षांच्या भन्तेंपुढं वाकायची तयारी ठेवा.