सातबारा शोधताना गावच सापडत नाही? यादीचे टप्पे समजून घ्या

मोबाइलवर नुसते ‘प्रतापगड’ शोधले, की बहुतेक वेळा साताऱ्याचा किल्ला पुढे येतो. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड मागे राहते. सरकारी नोंदींत असा घोळ होऊ नये म्हणून गावांची यादी टप्प्याटप्प्याने उघडते.

टप्पे कोणते?
‘महाभूलेख’वर आधी जिल्हा, मग तालुका आणि त्यानंतर गाव निवडावे लागते. राज्यात ६ महसूल विभाग आणि ३६ जिल्हे आहेत. आपल्या प्रतापगडचा मार्ग असा: गोंदिया – अर्जुनी मोरगाव – प्रतापगड.

गाव का दिसत नाही?
गोंदियाच्या ८ तालुक्यांत ‘अर्जुनी’ दोन आहेत: अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. घाईत सडक अर्जुनी निवडले, तर आपले गाव यादीत येणार नाही. लगेच ‘नोंदच नाही’ असे समजू नका, तालुका तपासा. वरचा टप्पा बदलला, की खालची निवड नव्याने करावी लागते. जुन्या कागदांवर मात्र जिल्हा भंडारा दिसेल, कारण गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.

अधिक-उणे चिन्ह कशासाठी?
काही याद्यांत नावाशेजारी अधिकचे चिन्ह किंवा छोटा बाण असतो. तो दाबला की खालची नावे उलगडतात, पुन्हा दाबला की मिटतात. मिटलेली माहिती पुसली जात नाही, फक्त नजरेआड होते. मोबाइलच्या लहान पडद्यावर शेकडो गावे एकदम येऊ नयेत, एवढाच हेतू.

बेरजेत काय दडते?
रोजगार हमीच्या ऑनलाइन अहवालातही राज्यावरून जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायतीपर्यंत उतरता येते. वरच्या टप्प्यावर फक्त बेरीज दिसते. तालुक्याचा आकडा मोठा असला, तरी त्यातल्या एखाद्या गावासमोर शून्य असू शकते. ते शून्य शेवटचा टप्पा उघडल्याशिवाय कळत नाही. ग्रामसभेत कामांची चर्चा होईल तेव्हा तालुक्याची बेरीज ऐकून थांबू नका, आपल्या गावाची ओळ उघडून पाहा.

हे लक्षात ठेवा
• वरून खाली क्रमाने निवडा.
• गाव दिसले नाही, तर एक टप्पा मागे जा.
• छायाचित्र जपून ठेवताना जिल्हा-तालुक्याची नावेही त्यात येऊ द्या.