मॅक्स डेलब्रूक : पुंजभौतिकीतून जनुकाकडे

सैद्धांतिक भौतिकीतून जनुकशास्त्रात आलेल्या संशोधकांत मॅक्स डेलब्रूक (१९०६–१९८१) यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांचे वडील बर्लिन विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. आई थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची नात. मुलाला ओढ होती खगोलशास्त्राची. पण ग्योटिंगेनला तेव्हा पुंजयामिकी नुकतीच आकार घेत होती आणि ते तिकडे वळले. लिथियमच्या रेणूतील बंध हायड्रोजनच्या मानाने दुबळा का, या प्रश्नावर १९३० मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

ऑगस्ट १९३२ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांचे ‘प्रकाश आणि जीवन’ या विषयावर व्याख्यान झाले. प्रकाश समजून घ्यायला तरंग आणि कण या दोन्ही कल्पना लागतात, तसेच काही सजीवांच्या बाबतीत असेल काय, असा बोर यांचा प्रश्न होता. तो डेलब्रूक यांच्या मनात घर करून राहिला. त्याच वर्षी ते लीझ माइट्नर यांचे साहाय्यक म्हणून बर्लिनला आले. अणुकेंद्रकाच्या विद्युतक्षेत्रामुळे गॅमा किरणांचे प्रकीर्णन होऊ शकते, ही त्यांची १९३३ मधली कल्पना आज ‘डेलब्रूक प्रकीर्णन’ म्हणून ओळखली जाते. भौतिकीत नाव राहायला एवढे पुरेसे होते. पण संध्याकाळच्या खासगी बैठकांत ते जीवशास्त्रज्ञांशी चर्चा करू लागले होते. त्यातून १९३५ मध्ये टिमोफेयेफ-रेसोव्हस्की आणि झिमर यांच्यासह लिहिलेला निबंध आला. क्ष-किरणांमुळे फळमाशीत होणाऱ्या उत्परिवर्तनांचा हिशेब मांडून जनुक हा अणूंचा स्थिर समूह, म्हणजे रेणूच असला पाहिजे, असे त्यात सुचवले होते. निबंध फार थोड्यांच्या वाचनात आला. १९४४ मध्ये श्रोडिंजर यांनी आपल्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकात त्याची विस्ताराने चर्चा केली, तेव्हा तो जगापुढे आला.

१९३७ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते कॅलिफोर्नियातील कॅलटेकला गेले. तिथे एमरी एलिस जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजवर, काम करत होते. डेलब्रूक यांना हवी होती तशी साधी वस्तू सापडली: फाज जीवाणूला चिकटतो, अर्धा तास बाहेरून काहीच दिसत नाही, मग पेशी फुटते आणि नवे फाज बाहेर पडतात. आणि हे सारे मोजता येते.

नॅशव्हिलला भौतिकी शिकवत असताना त्यांनी साल्वादोर लुरिया यांच्याबरोबर केलेला १९४३ चा प्रयोग हा या कारकिर्दीचा कळस म्हणावा लागेल. फाजच्या हल्ल्यातून काही मोजके जीवाणू वाचतात. ही प्रतिकारशक्ती फाजशी गाठ पडल्यावर येते की आधीच आपोआप आलेली असते? थोडेथोडे जीवाणू बऱ्याच नळ्यांत वेगवेगळे वाढवायचे, मग प्रत्येक नळीतले भरपूर फाज असलेल्या ताटलीवर पसरायचे आणि वाचलेल्या वसाहती मोजायच्या. गाठ पडल्यावर शक्ती येत असेल, तर सगळ्या ताटल्यांवरचे आकडे जवळपास सारखे यावेत. उत्परिवर्तन आधीच होत असेल, तर ते एखाद्या नळीत लवकर घडून वंशज भराभर वाढलेले असणार. तिथे वसाहतींची झुंबड, शेजारी शून्य. निष्कर्ष दुसऱ्या बाजूने लागला. प्रयोगाची कल्पना लुरियांची, गणित डेलब्रूक यांचे. शून्य वसाहतींच्या ताटल्या किती, यावरून उत्परिवर्तनाचा दरही काढता आला.  जीवाणूंचे जनुकशास्त्र या प्रयोगापासून मोजले जाते.

१९४५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांनी फाजचा उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. सर्वांनी ई. कोलाय या जीवाणूच्या ठरावीक सात फाजवरच काम करावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. १९४७ मध्ये ते कॅलटेकला जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परतले. मार्च १९५३ मध्ये वॉटसन यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची बातमी त्यांनाच पत्राने कळवली. आनुवंशिकतेचे कोडे साध्या रसायनशास्त्राने सुटले. बोर यांच्या विचारातून डेलब्रूक यांनी अपेक्षिलेला, तरंग आणि कण यांच्यासारखा विरोधाभास तिथे नव्हताच.

तो कदाचित संवेदनेत सापडेल, म्हणून ते फायकोमायसीस या बुरशीकडे वळले. तिचा काही सेंटिमीटर उंचीचा एकपेशीय दांडा प्रकाशाकडे झुकतो आणि जवळच्या वस्तूपासून, तिला न शिवताच, दूर वळतो. दरम्यान जर्मनीत कोलोनला जनुकशास्त्राची संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९६२ मध्ये तिच्या उद्घाटनाला बोरच आले होते. १९६९ मध्ये लुरिया आणि हर्शी यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले, ते फाजवरील कामासाठी. बुरशीवरचे संशोधन मात्र मार्च १९८१ मध्ये पॅसाडिना येथे निधन होईपर्यंत चालूच होते.