लहान घराचा रंग आणि सायंकाळचा उजेड

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत खिडकीतून येणारा उजेड हीच लहान सदनिकेची खरी संपत्ती होय. फिकट रंग त्या उजेडाचा मोठा भाग खोलीत परत पाठवतो. गडद रंग तो गिळून टाकतो. म्हणून स्वयंपाकघराला मोतिया किंवा फिकट पिवळा रंग उत्तम. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबात धान्य निवडताना व ताटात पाहताना लख्ख उजेड असला, की जीवजंतूंची जपणूक सोपी होते.

मात्र आतील रंगाने उन्हाळा हटत नाही. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि तो ताप गच्ची व पश्चिमेच्या भिंतीतून आत झिरपतो. त्यावर गच्चीला चुन्याची सफेदी हाच स्वस्त उपाय. सर्वांत वरच्या मजल्यास तिचा लाभ अधिक.

घरात लहान मुले असतील, तर डब्यावरील शिशाचा उल्लेख अवश्य वाचावा. नोव्हेंबर २०१७ पासून त्याची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकीच आहे.

शेडकार्डावरील इवलासा तुकडा भिंतभर पसरला, की अधिक गडद भासतो. यास्तव दोन फूट चौरस नमुना लावून तो सकाळी, दुपारी व दिवेलागणीस पाहावा. मगच डबे आणावेत.